जुन्या पिकअपचं मॅन्युअल कुठून मिळवायचं आणि कसं वाचायचं : नव्या मालकासाठी

आमच्या घरी पिकअप आली ती मोसंबीच्या हंगामाच्या तोंडावर. अंबड तालुक्यातून जालन्याच्या मोंढ्यात माल न्यायचा, तर दर खेपेला दुसऱ्याच्या गाडीचं भाडं परवडेना. म्हणून वडिलांनी तिसऱ्या मालकाकडून ही गाडी घेतली. आरसी, विमा, पीयूसी सगळं हातात आलं. गाडीसोबत कंपनी जे पुस्तक देते ते मात्र पहिल्या मालकाच्या घरीच कुठंतरी राहिलं होतं, आणि आम्हीही ते मागितलं नाही.

दोन महिन्यांत क्लच गेला. मी जालन्याला जाऊन गाडीचं नाव आणि '२०११ मॉडेल' असं सांगून क्लच प्लेट आणली. उस्तादांनी, म्हणजे आमच्या मिस्त्रींनी, गिअरबॉक्स उतरवला, प्लेट शाफ्टवर चढवायला घेतली, तर दात जुळेनात. पुन्हा जालना, पुन्हा दुकान, पुन्हा तीच गाडी न सांगता येण्याची अडचण. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी चालू झाली. तोवर तोडलेले क्रेट झाडाखाली सावलीत झाकून ठेवले होते. चूक दुकानदाराची नव्हती आणि उस्तादांचीही नव्हती. गाडीची नोंदणी २०११ ची होती, पण बनावट २०१० ची. आरसीवर ते छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. गिअरबॉक्स वर चढवताना उस्ताद एवढंच म्हणाले, "आधी गाडी वळखा भाऊ, मंग पाना लावा."

ही ओळख कशी पटवायची, तिच्यावरून योग्य मॅन्युअल कसं शोधायचं आणि मॅन्युअल हाती आल्यावर त्यातलं काय वाचायचं, ते खाली क्रमाने लिहितो. बोलेरो पिकअप, मॅक्सी ट्रक, टाटा २०७ किंवा अशीच दहा-पंधरा वर्षांची गाडी ज्यांनी नुकतीच घेतली आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी जवळ काय ठेवायचं ते सांगतो.

- आरसी : कार्ड असो की डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत
- शंभर पानी वही आणि पेन (फोनमधली नोंद चालते, पण तेलकट हाताने वहीच बरी पडते)
- रॉकेल किंवा डिझेल, तारेचा ब्रश, फडकं, खडू
- टॉर्च आणि फोनचा कॅमेरा
- मोजपट्टी, शक्य असेल तर व्हर्नियर
- जॅक, चाकाखाली लावायला दोन-तीन लाकडी ठोकळे, आणि वजन पेलणारे लोखंडी स्टँड

१. नाव विसरा, नंबर शोधा

दुकानात गाडीचं नाव सांगितलं की अर्धीच ओळख होते. पूर्ण ओळख चेसिस नंबर आणि इंजिन नंबर या दोन नंबरांत असते. आरसीवर दोन्ही छापलेले असतात, तरी गाडीवर जाऊन ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. जुन्या गाडीत इंजिन बदललेलं असण्याची शक्यता असते.

चेसिस नंबर बहुतेक पिकअपमध्ये उजव्या बाजूच्या चेसिसच्या लोखंडी पट्टीवर, पुढच्या चाकाच्या आसपास ठोकलेला असतो. माझ्या गाडीत तिथं बोटभर जाडीचा चिखल आणि ग्रीसचा थर होता. रॉकेलात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं तसंच दाबून ठेवलं, मग हलक्या हाताने ब्रश मारला. खाली गंज नव्हता, फक्त काळं लोखंड होतं आणि अक्षरं दिसत नव्हती. मग खडू आडवा धरून फिरवला. पृष्ठभाग पांढरा झाला, खोदलेली अक्षरं काळी राहिली आणि अख्खा नंबर डोळ्यांसमोर उभा राहिला. लगेच फोटो काढा. नंबरावर कानस, ग्राइंडर किंवा जाड तारेचं चाक कधीही लावू नका. अक्षरं पुसट झाली तर पासिंगच्या वेळी चेसिसचा छाप जुळणार नाही, आणि तो घोळ निस्तरायला फार वेळ जातो.

आजकालच्या पद्धतीचा चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो (फार जुन्या गाड्यांत कमीही असेल). पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची : महिंद्राच्या गाड्यांत 'एमए१', टाटा मोटर्सच्या गाड्यांत 'एमएटी'. डावीकडून दहावं अक्षर सहसा सालाचं. २००१ ते २००९ साठी १ ते ९ आकडे, मग २०१० साठी ए, २०११ साठी बी, २०१२ साठी सी, असं पुढं. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नंबरात वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणून तुम्हाला 'ओ' दिसला तर तो शून्य आहे असं समजा. दुकानदाराला नंबर फोनवर सांगताना हीच चूक सगळ्यांत जास्त होते. फोटोच पाठवा.

इंजिन नंबर इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला असतो. जागा इंजिनागणिक बदलते. सापडला नाही तर उस्तादांना विचारा, त्यांना हातानेच माहीत असतो. तो आरसीशी जुळत नसेल तर थांबा. आधी विकणाऱ्याकडून खुलासा आणि आरटीओत नोंद, मॅन्युअल नंतर. एमएच-२० पासून एमएच-२६ पर्यंत, किंवा हिंगोलीच्या एमएच-३८, अंबाजोगाईच्या एमएच-४४ मधली असो, गाडी कोणत्याही कार्यालयात नोंदलेली असली तरी न जुळणारा इंजिन नंबर तुमच्याच गळ्यात पडतो.

२. आरसीवरचे कोणते रकाने वाचायचे

बनावटीचा महिना आणि साल : नोंदणीचं साल वेगळं, हे वेगळं. सुटा भाग घेताना हेच सांगायचं.

मॉडेलचं पूर्ण नाव : उदाहरणार्थ बोलेरो पिकअपच्या नावापुढं 'एफबी', 'सीबीसी', 'पीएस', '१.३टी', '१.७टी' अशी अक्षरं असतात. एफबी म्हणजे कंपनीचा हौदा असलेली, सीबीसी म्हणजे नुसतं केबिन आणि चेसिस, वर हौदा बाहेरून बांधलेला. पीएस म्हणजे पॉवर स्टिअरिंग. १.३ आणि १.७ हे मालाचं टनातलं वजन. या अक्षरांनी मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या), टायर, काही ठिकाणी ब्रेकही बदलतात. त्यामुळे 'बोलेरो पिकअपचे पाटे द्या' एवढं सांगणं पुरेसं नाही.

उत्सर्जन मानक (धुरातल्या प्रदूषणाची मर्यादा, बीएस म्हणजे भारत स्टेज) : बीएस-३ देशभर लागू झालं २०१० मध्ये, बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून, बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून. या वर्षांच्या आगेमागे बनलेल्या गाड्यांत एकाच नावाखाली दोन वेगळी इंजिनं सापडतात. माझी गाडी नेमकी अशाच सांध्यावरची.

घनक्षमता : हा आकडा फार कामाचा आहे. २५२३ सीसी दिसलं तर ते महिंद्राचं चार सिलिंडरचं जुनं घराणं : बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८८.९ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०१.६ मिमी, म्हणजे इंचात नेमका साडेतीन आणि चार. २९५६ सीसी असेल तर टाटाचं ४९७ इंजिन. त्याच्या नावातच माप आहे, चार सिलिंडर आणि ९७ मिमी बोअर. स्ट्रोक १०० मिमी. आरसीवर एक सीसी आणि बॉनेटखाली दुसरंच इंजिन असेल तर मॅन्युअल कितीही चांगलं असलं तरी उपयोगाचं नाही.

रिकामं वजन आणि एकूण वजन : दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की कायदेशीर माल निघतो. १,२०० किलो निघाले तर २० किलो मोसंबीचे साठ क्रेट, आणि त्यात रिकाम्या क्रेटचं वजन धरलेलं नाही. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड आहे.

इथं एक मनापासून सांगतो. आपल्याकडे जुनी गाडी घेतली की पहिलं काम म्हणजे मागं एक-दोन पाटे वाढवणं. पाटे वाढवले म्हणजे गाडी बसत नाही, म्हणून माल वाढतो. पण ब्रेक तेवढेच राहतात, हब तेवढाच, अॅक्सल तेवढाच. मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना गाडी पाट्यांनी थांबत नाही. मॅन्युअलमध्ये मूळ पाट्यांची संख्या दिलेली असते. खाली वाकून तुमचे मोजा. जास्त असतील तर आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली ते कळेल आणि मागचे बेअरिंग, हौसिंग, ब्रेक लायनर आधी उघडून पाहायला हवेत हेही कळेल.

३. डिझेल पंप जुन्या धाटणीचा की कॉमन रेल

ही पायरी चुकली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वेगळी लिहितो.

जुन्या इंजिनात डिझेलचा पंप यांत्रिक असतो. पंपापासून प्रत्येक इंजेक्टरला स्वतंत्र बारीक लोखंडी नळी जाते. डिझेल संपून हवा धरली की इंजेक्टरचा नट किंचित ढिला करून सेल्फ मारायचा आणि हवा काढायची, हे आपण लहानपणापासून ट्रॅक्टरवर पाहिलंय.

कॉमन रेलमध्ये पंपातून एक जाड नळी एका आडव्या लोखंडी रेलकडे जाते आणि रेलपासून चार नळ्या इंजेक्टरकडे. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर विजेची वायर असते. ही वायर दिसली की ओळखायचं. आतला दाब हजार बारच्याही वर जातो. चालू इंजिनात हा नट ढिला केला तर डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. अशी जखम वरून टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आत बोट कुजवते. लागलंच तर दुखत नाही म्हणून घरी थांबू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा. ट्रॅक्टरवरची सवय इथं चालत नाही.

यांत्रिक पंप असेल तर पंपावरच्या पत्र्याच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. पंपवाला गाडीचं नाव विचारत नाही, त्याला पाटीवरचा नंबर हवा असतो. ही पाटी रंगाखाली दडलेली असली तर रंग अलगद खरवडा.

४. 'मॅन्युअल' म्हणजे नेमकं कोणतं

एकाच शब्दात चार वेगळी पुस्तकं येतात.

मालकाची पुस्तिका गाडीसोबत मिळते. तेल किती, कोणतं, टायरमध्ये हवा किती, फ्यूज कोणता कशाचा, सर्व्हिस किती किलोमीटरला : रोजच्या वापराचं ऐंशी टक्के यात मिळतं. नव्या माणसाने सगळ्यांत आधी हीच मिळवावी.

वर्कशॉप मॅन्युअल मिस्त्रीसाठी असतं. कोणता बोल्ट किती ताकदीने आवळायचा, झीज किती चालते, टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट किती, कोणता भाग कोणत्या क्रमाने उतरवायचा, हे त्यात. कंपन्या ते आपल्या अधिकृत वर्कशॉपसाठी काढतात, म्हणून सहज हाती लागत नाही.

पार्ट्स कॅटलॉगमध्ये प्रत्येक भागाचं सुटं सुटं चित्र आणि पार्ट नंबर असतो. माझं मत विचाराल तर जुन्या गाडीच्या मालकाला वर्कशॉप मॅन्युअलपेक्षाही याचा उपयोग जास्त. उघडलेला भाग कसा जुळवायचा हे चित्रातच दिसतं, कोणता वायसर कुठं बसतो तेही. पार्ट नंबर हाती असला की जालना, लातूर, नांदेड, कुठल्याही दुकानात भाषेची अडचण येत नाही.

चौथं, वायरिंगचा नकाशा. जुन्या पिकअपच्या वायरिंगला आधीच्या मालकांनी हात लावलेला नाही असं मी अजून पाहिलं नाही. हॉर्न, टेप, मागचे दिवे, सगळीकडे जोड असतात. नकाशावरचा वायरचा रंग आणि गाडीतला रंग जुळत नसेल तर ती वायर नंतर टाकलेली आहे, एवढं समजलं तरी बिघाड शोधणं निम्मं होतं.

५. शोधायचं कुठं

पहिला फोन विकणाऱ्याला. "घरात शोधून बघा, कपाटात असेल," असं दोनदा म्हणा. त्याच्या आधीच्या मालकाचाही नंबर घ्या.

मग अधिकृत वर्कशॉपचा पार्ट्स काउंटर. चेसिस नंबरचा फोटो दाखवून 'याची मालकाची पुस्तिका मागवता येईल का' असं विचारा. तिथल्या माणसाच्या संगणकावर चेसिस नंबर टाकला की त्या गाडीचे भाग दिसतात. दुपारी गर्दी कमी असताना गेलात तर दोन-चार महत्त्वाचे पार्ट नंबर तो लिहून देतो : क्लच सेट, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, पुढचे-मागचे हब बेअरिंग. मी तिथून एक ऑइल फिल्टर आणि फॅन बेल्ट विकत घेतला आणि अकरा पार्ट नंबर घेऊन आलो.

तिसरी जागा आयटीआय. तिथल्या मेकॅनिक मोटर व्हेइकल किंवा मेकॅनिक डिझेल ट्रेडच्या निदेशकांना भेटा. तुमच्याच गाडीचं पुस्तक नसलं तरी त्या ट्रेडची पाठ्यपुस्तकं इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक यांची तत्त्वं नीट समजावतात. भारत स्किल्स या सरकारी संकेतस्थळावर ती मोफत वाचता येतात. माझ्या मते वर्कशॉप मॅन्युअल उघडण्याआधी त्यातला निदान ब्रेकचा धडा तरी वाचावा.

चौथी, इंटरनेट. इथं खड्डे फार आहेत.

नुसतं 'महिंद्रा पिकअप मॅन्युअल' शोधलं की दक्षिण आफ्रिकेतली किंवा ऑस्ट्रेलियातली पुस्तकं समोर येतात. तिकडं 'पिक-अप' नावाने विकली गेलेली गाडी स्कॉर्पिओच्या घरातली, जी आपल्याकडे गेटअवे म्हणून आली. आपली बोलेरो पिकअप ती नव्हे. तसंच टाटा झेनॉनचं पुस्तक २०७ ला चालत नाही. पहिल्या पाच पानांत इंजिनाची सीसी शोधा आणि आरसीशी जुळवा. जुळली नाही तर पुढं वाचूच नका.

पैसे घेऊन पीडीएफ विकणारे पुष्कळ. पैसे देण्याआधी अनुक्रमणिकेचं आणि तांत्रिक माहितीच्या तक्त्याचं पान दाखवायला सांगा. 'डाउनलोडर' नावाचं काहीतरी फोनमध्ये टाकायला सांगत असतील तर सोडून द्या. आणि एका पुस्तकातला तक्ता दुसऱ्या पुस्तकात चिकटवून विकलेला मी स्वतः पाहिला आहे. पानांचे क्रमांक आणि अक्षराचा आकार मध्येच बदलत असेल तर संशय घ्या.

६. पुस्तक हाती आल्यावर

सुरुवात पहिल्या पानापासून करू नका. मागच्या बाजूला 'तांत्रिक माहिती' नावाचा तक्ता असतो. तिथून तेलाची मापं, टायरचा दाब, बॅटरी, बल्ब आणि फ्यूज वहीत उतरवा. मग सर्व्हिसचा तक्ता पाहा. त्यात बऱ्याचदा खडतर वापरासाठी वेगळा रकाना किंवा तळटीप असते : धूळ, जास्त भार, सतत थांबत चालणं. आपण तोच रकाना धरायचा. उसाच्या फडातले आणि शिवाररस्त्याचे धुळीचे किलोमीटर हे साधे किलोमीटर नव्हेत. एअर फिल्टरच्या बाबतीत तर मी पुस्तकाचीही वाट पाहत नाही, दर पंधरवड्याला उघडतो.

पुस्तक इंग्रजीत असेल तर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून मजकूर समजून घ्या. आकडे मात्र मूळ पानावरूनच उतरवा. भाषांतरात दशांशचिन्ह हरवतं.

एककांनी मला सगळ्यांत जास्त फसवलं. बोल्टची ताकद जुन्या पुस्तकांत किलोग्रॅम-मीटरमध्ये असते, नव्यांत न्यूटन-मीटरमध्ये, काहींत फूट-पाउंडमध्ये. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, आणि १ फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर. पुस्तकात ९० न्यूटन-मीटर असताना रेंच ९० फूट-पाउंडवर लावला तर बोल्टवर १२२ न्यूटन-मीटर पडतात, आणि अॅल्युमिनियममधले आटे निघून येतात. हवेचा दाब : १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. आकडा उतरवताना शेजारी एकक लिहाच.

टॉर्क रेंच नसेल तर चाकाच्या नटांपुरता एक हिशेब चालतो. नटाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर पान्याच्या दांड्याला ताणकाटा अडकवायचा आणि दांड्याशी काटकोनात २० किलो दाखवेपर्यंत ओढायचा. हे झाले १० किलोग्रॅम-मीटर. तुमच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे किलो बदलायचे. इंजिनाच्या हेडला हे चालत नाही. तिथं क्रम असतो, टप्पे असतात, काही इंजिनांत शेवटी अंशांत फिरवायचं असतं. त्याला खरा टॉर्क रेंचच लागतो.

टॅपेट स्वतः करून पाहायचे असतील तर एवढं लक्षात ठेवा : या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनांत सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२ असतो. एक आणि चारची जोडी, दोन आणि तीनची जोडी. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह हलत असतात तेव्हा पहिल्याचे सेट करायचे, आणि उलट. फट किती ठेवायची, इंजिन थंड की गरम, हे तुमच्याच पुस्तकातून घ्यायचं. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा नको.

७. जे पुस्तकात नाही ते लोखंडावर लिहिलेलं असतं

जुन्या गाडीत पुस्तकातलं माप आणि आत बसलेलं माप वेगळं असू शकतं. इंजिनाचं काम झालेलं असेल तर क्रँक (पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) घासलेला असतो आणि त्यावर कमी मापाचं बेअरिंग चढवलेलं असतं. मिस्त्री त्याला 'दहा', 'वीस', 'तीस' म्हणतात, म्हणजे इंचाचे तेवढे हजारावे भाग. इंजिन कधी उघडलं तर जुन्या बेअरिंगच्या पाठीवरचं ०१०, ०२०, ०३० वाचल्याशिवाय ते भंगारात टाकू देऊ नका.

गोल बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचं माप मिमीमध्ये येतं : ६२०५ म्हणजे २५ मिमी, ३०२०६ म्हणजे ३० मिमी. (शेवटी ००, ०१, ०२, ०३ असेल तर मात्र १०, १२, १५, १७ मिमी.) हा नंबर जगभर एकच असतो, त्यामुळे बेअरिंगच्या दुकानात गाडीचं नाव सांगायचीही गरज पडत नाही. ऑइल सीलवर तीन मापं असतात : आतलं, बाहेरचं, जाडी.

टायरवर २१५/७५ आर १५ असं असेल तर रुंदी २१५ मिमी, उंची तिच्या ७५ टक्के, रिम १५ इंच. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन साल. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. विकणारा 'टायर नवीन आहेत' म्हणाला होता ना, ते इथं तपासा.

क्राऊन-पिनियनचं, म्हणजे मागच्या हौसिंगमधल्या दातेरी जोडीचं, प्रमाण न उघडता काढता येतं. सपाट जागी पुढची दोन्ही चाकं आणि मागचं एक चाक ठोकळ्यांनी घट्ट अडवा, मागचं दुसरं चाक जॅकने उचलून स्टँड लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. गाडीखाली शिरू नका, बाजूने बघा. उचललेलं चाक नेमके दोन फेरे फिरवा आणि गिअरबॉक्सकडून मागं येणारा लांब शाफ्ट किती फेरे फिरतो ते मोजा. साडेचारच्या आसपास आले तर दात ४१ आणि ९ असे असू शकतात, कारण ४१ भागिले ९ म्हणजे सुमारे ४.५६. क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलायचे.

अल्टरनेटर आणायला जाताना जुना सोबतच न्या. बऱ्याच डिझेल गाड्यांत त्याच्या पाठीला ब्रेकचा वॅक्युम पंप जोडलेला असतो, आणि पंपाशिवायचा अल्टरनेटर दिसायला हुबेहूब तसाच.

८. तेल आणि पाणी

इंजिन ऑइल या वयाच्या गाड्यांत बहुधा १५डब्ल्यू-४०. पुस्तकातल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, पाच मिनिटं थांबा, तेल मोजायची दांडी बघून उरलेलं घाला. गिअरबॉक्स आणि मागचं हौसिंग यांचं तेल एकच नसतं. गिअरबॉक्सला जीएल-४ (जीएल हा गिअर तेलाचा दर्जा) लिहिलेलं असेल तर जीएल-५ घालू नका, पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवत नाही. 'नव्वदचं तेल द्या' एवढं सांगून डबा घेऊ नका, डब्यावरचं जीएल वाचा. ब्रेकसाठी पुस्तकातलं डॉट-३ किंवा डॉट-४ तेल, सीलबंद डब्यातलं. दुसरं कुठलंही तेल गेलं तर ब्रेकची रबरं फुगतात.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते चहाच्या भांड्याच्या तळाशी बघा. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि एप्रिल-मेच्या ४२ अंशांत गाडी घाटात तापते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, पुस्तकातल्या प्रमाणात. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही.

९. गाडीची वही

पुस्तक सापडो वा न सापडो, ही वही कराच. पहिल्या पानावर दोन्ही नंबर, बनावटीचा महिना, सीसी, मॉडेलचं पूर्ण नाव. दुसऱ्यावर तेलाची मापं आणि टायरचा दाब. तिसऱ्यापासून जे जे बदललं त्याची तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर आणि जुन्या भागावर जे कोरलेलं होतं ते. डबा फेकण्याआधी लेबल कापून चिकटवा. वायसर, पिन, नट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने फडक्यावर मांडून फोटो काढा आणि वहीत 'फोटो काढला' एवढं लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तो फोनमध्ये सापडत नाही.

माझ्या वहीच्या तिसऱ्या पानावरची पहिली नोंद क्लच प्लेटची आहे : बाहेरचा व्यास, मधल्या भोकाचे दात, पार्ट नंबर, आणि शेजारी लाल पेनाने 'बनावट २०१० सांगणे'. वही घरी ठेवतो. पहिल्या दोन पानांची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून केबिनच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात, आणि त्याच पानांचा फोटो वडिलांच्या आणि उस्तादांच्या फोनवर, कारण गाडी बंद पडते ती नेमकी मी सोबत नसतानाच.